ज्येष्ठांच्या वसाहतीत घर: जुना फेज की नवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा ७१, बायको ६७, राहणार सांगली. मुलगा बंगळुरूला, मुलगी टोरांटोला. पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या पुढे, ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या एका वसाहतीत घर घ्यायचं ठरलंय. त्याच आवारात दोन पर्याय समोर आहेत. २००५ साली पूर्ण झालेल्या पहिल्या फेजमधला दुसऱ्या मजल्यावरचा रिसेल फ्लॅट, किंवा चौथ्या फेजमध्ये बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, ज्याचा ताबा डिसेंबर २०२७ ला मिळेल असं सांगितलंय. क्षेत्रफळ जवळपास सारखं. मुलांचा कल नव्याकडे, तुमचा जुन्याकडे.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या वयाला जुना फेज घ्या, पण लिफ्ट, बाथरूम, पाणी आणि कागद या चार गोष्टी पास झाल्या तरच. तुम्ही साठ-एकसष्टचे असता तर नव्याचा विचार करा म्हटलं असतं. कारण इमारतीचं वय एकट्यानं काहीच सांगत नाही. ते तुमच्या वयाशेजारी ठेवून वाचावं लागतं. नव्या इमारतीची पहिली तीन वर्षं कटकटीची असतात आणि जुनीची पंचवीस ते पस्तीस ही वर्षं खर्चाची. यातली कुठली वर्षं तुमच्या आयुष्यातल्या कुठल्या वर्षांवर येऊन बसतात, एवढंच बघायचं.

नव्याचा हिशोब मांडा. डिसेंबर २०२७ ही तारीख पाळली गेली असं धरू. ताबा मिळाल्यावर फर्निचर, जाळ्या, गॅस, इंटरनेट, किरकोळ दुरुस्त्या यांत चार-सहा महिने जातात. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष इमारत अर्धी रिकामी असते. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात ड्रिल चालू असतं, एक लिफ्ट फरश्या आणि प्लायवुड वाहण्यात अडकलेली असते. म्हणजे ‘बसलेली’ वसाहत तुम्हाला मिळेल तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीला टेकलेले असाल. नवी ओळख, नवे डॉक्टर, नवी कामवाली मावशी हे सगळं जमवायला सत्तरीची सुरुवात बरी, शेवट नव्हे.

आता जुन्याची चार कसोट्यांवर तपासणी. हे मी सविस्तर लिहितोय, कारण रिसेल फ्लॅट बघायला गेलेली माणसं खिडकीतून दिसणारी टेकडी बघतात आणि बाथरूमच्या दारात मेजपट्टी लावत नाहीत.

लिफ्टपासून सुरुवात करा. २००५ च्या आसपासच्या चार-पाच मजली इमारतींत बहुधा सहा माणसांची एकच लिफ्ट असते आणि तिची आतली जागा साधारण ११०० गुणिले १००० मिलिमीटर. यात व्हीलचेअर कशीबशी बसते, ढकलणारा माणूस दाटीवाटीनं. आडवा स्ट्रेचर बसत नाही, त्याला आतून दोन मीटर लांबी लागते. त्यामुळे जिन्यानं खुर्ची-स्ट्रेचर उतरवता येतं का, हे बघा. जिन्याच्या मधल्या चौकात खुर्ची वळवायला जागा हवी. दुसरा मजला असेल तर दोन धट्टीकट्टी माणसं हे काम पाच मिनिटांत करतात. अकराव्या मजल्यावरून कोणी करणार नाही. तिथं तुम्ही पूर्णपणे लिफ्ट आणि जनरेटर यांच्या भरवशावर. नव्या इमारतीत स्ट्रेचर लिफ्ट असते हे खरं, आणि तो तिचा मोठा गुण आहे. पण जनरेटरवर किती लिफ्ट चालतात, हे विचारा. एकच चालत असेल तर ती स्ट्रेचरवालीच आहे का, हेही.

जुन्या लिफ्टमध्ये आणखी तीन गोष्टी. दार जाळीचं ओढायचं आहे की आपोआप सरकणारं? संधिवातानं वाकडी झालेली बोटं जाळीचं दार ओढू शकत नाहीत. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची यंत्रणा आहे का? आणि लिफ्ट थांबते तेव्हा तिची फरशी मजल्याच्या फरशीशी सारखी येते का? दोन्हींत बोटाच्या पेराएवढाही फरक असला तर पाय घासत चालणारा माणूस तिथंच अडखळतो. लिफ्टनं प्रत्येक मजल्यावर खाली-वर दोन-दोन फेऱ्या मारून बघा. भरलेली आणि रिकामी लिफ्ट वेगवेगळी थांबते. लिफ्टचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं धरतात, म्हणजे या इमारतीत ती बदलायची वेळ आलीच आहे. सोसायटीनं त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत का, याचं उत्तर पुढे ताळेबंदात मिळेल.

मग बाथरूम. इथं दोन पिढ्यांच्या बांधकामातला फरक खरा कळतो, आणि तो जाहिरातीत दिसतो त्याच्या उलट असतो.

जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार अडीच फुटी चौकटीचं असतं. चौकटीची जाडी आणि उघड्या दाराची जाडी वजा केली की मोकळी जागा जेमतेम ६८० ते ७०० मिलिमीटर उरते. साध्या व्हीलचेअरची रुंदी ६०० ते ६६० असते. म्हणजे कागदावर ती जाते, पण चाकावर ठेवलेल्या हाताची बोटं सोलपटून. शिवाय उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी असते, इंच-सव्वा इंच उंच, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. चाकाला आणि पायाला तोच मोठा अडथळा. महारेरानं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी जे आदर्श निकष ठरवले त्यांत दाराची किमान रुंदी ९०० मिलिमीटर, जिना किमान १५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा आणि एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, असं आहे. २००५ च्या इमारतीला हे निकष लागू नाहीत.

पण जुन्या फ्लॅटच्या आतल्या भिंती विटांच्या असतात. त्यात तुळई किंवा खांब आडवा येत नसेल तर इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन दार ९०० पर्यंत वाढवता येतं. चौकटीवर लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी पट्टी, नव्यानं टाकावी लागते, आणि दार शक्यतो सरकतं किंवा बाहेर उघडणारं करावं. आत उघडणारं दार असलं आणि माणूस दारामागे पडला, तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. हे घडतं, आणि नेमकं बाथरूममध्येच घडतं.

नव्या उंच इमारतींत मात्र पुष्कळदा भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. साइटवर याला ‘मायवान’ म्हणतात. त्या भिंती स्वतःच इमारतीचा भार घेतात. तिथं दार रुंद करणं, भिंत हलवणं, अगदी वायरिंगसाठी खोल खाच मारणंही चालत नाही. म्हणजे नव्या फेजमध्ये दाराची रुंदी आज जी आहे ती कायमची. म्हणून सँपल फ्लॅटमध्ये नव्हे, तर करारनाम्याला जोडलेल्या नकाशात दार ९०० आहे का ते बघा. ‘९०० ची चौकट’ आणि ‘९०० मोकळी जागा’ यांतही फरक आहे. तो साइट इंजिनिअरकडून लिहून घ्या.

नव्या इमारतीत जिथं काँक्रीटची भिंत नाही तिथं हलके ब्लॉक असतात, सगळे मिस्त्री त्यांना सिपोरेक्सच म्हणतात. त्यांवर धरायचा दांडा साध्या प्लास्टिकच्या गट्ट्यांत स्क्रूनं बसवला, तर तो वर्षभर छान दिसतो आणि ज्या दिवशी माणूस घसरून पूर्ण वजन टाकतो त्या दिवशी ब्लॉकच्या भुग्यासकट हातात येतो. तिथं रासायनिक अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे स्टीलची पट्टी लागते. दांडा ३२ ते ४० मिलिमीटर जाड, भिंतीपासून चार सेंटिमीटर सुटा. जास्त सुटा ठेवला तर कोपरापर्यंतचा हात आत अडकतो. कमोडची बसायची उंची ४५० ते ४८०. त्याहून खाली बसणारा माणूस उठताना वॉश बेसिनला धरतो, आणि बेसिन त्यासाठी बनवलेलं नसतं.

जुन्या बाथरूमचं आणखी एक दुखणं म्हणजे खालची गळती. कमोड आणि नहाणीखाली स्लॅब खाली उतरवून त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. वीस वर्षांत जोड सुटले की तिथं पाणी साठतं, आणि ते तुम्हाला न दिसता खालच्याच्या छतावर दिसतं. म्हणून फ्लॅट बघायला गेलात की खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघायची परवानगी मागा. आणि वरच्याच्या बाथरूमखाली म्हणजे तुमच्याच छताला ताज्या रंगाचा चौकोन दिसला तर समजा, डाग नुकताच झाकलाय. दुरुस्ती करायची ठरली तर वरवर फरशी बदलून उपयोग नाही. भरावासकट सगळं काढून, वॉटरप्रूफिंग करून, ४८ तास पाणी साठवून खालचं छत कोरडं राहतंय याची खात्री करूनच फरशी बसवायची. मिस्त्री म्हणतो चोवीस तास पुरे. ऐकू नका.

सकाळी सहाला, कोणी नळ उघडायच्या आधी, एक पांढरी बादली भरून बघायला मालकाला सांगा, किंवा स्वतः जा. पहिलं पाणी तांबूस आलं तर भिंतीत जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आहेत आणि आतून गंजलेत. मग बाथरूम करताना सगळी लाइन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिकची) करून घ्यायची, अर्धी नव्हे. वीजजोडणी बघताना एमसीबीच्या डब्यात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारं बटण, आहे का बघा. नसेल तर ते पहिल्या आठवड्यातलं काम.

पाण्याचा मुद्दा वेगळा लिहितो, कारण पुण्याच्या कडेच्या गावांत हा मुद्दा घरापेक्षा मोठा आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण नकाशावर हद्द पुढे सरकली म्हणून नळाला पाणी येत नाही. गेटवर टँकरची नोंदवही असते. मार्च ते जूनची पानं उलटा, दिवसाला दहा हजार लिटरचे किती टँकर येतात ते मोजा. माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरा आणि वसाहतीच्या वस्तीनं गुणा. जुन्या फेजला महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीच्या काळची जोडणी मंजूर असते आणि नवा फेज त्याच टाकीला जोडला जातो, असं पुष्कळदा होतं. मग जुन्यांच्या वाट्याचं पाणी पुरेनासं होतं, नव्यांना टँकरचं बिल येतं आणि दोन्ही फेजमध्ये बोलणं बंद होतं. नव्या फेजसाठी स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र मंजुरी आहे का, हे जुना फ्लॅट घेणाऱ्यानंही विचारायचं.

कागद. जुन्या फेजची संस्था सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की ‘अपार्टमेंट’, म्हणजे फ्लॅटमालकांचा संघ? पुण्यात अपार्टमेंटही भरपूर आहेत. सोसायटी असेल तर तुम्हाला भाग दाखला मिळेल आणि हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रीमियम घेता येतो. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर ती ऐच्छिक नाही आणि देणगीही नाही. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट हवं, आणि हस्तांतरणाचे नियम त्यांच्या घोषणापत्रात वाचायचे.

सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीचं खरेदीखत म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का? अनेक फेजच्या वसाहतीत बिल्डर ते शेवटच्या फेजपर्यंत लांबवतो, कारण शिल्लक चटईक्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर आणखी बांधायचा हक्क, त्याला वापरायचं असतं. तुमचा चौथा फेज बहुधा पहिल्या फेजच्याच शिल्लक हक्कांवर उभा राहतोय. कन्व्हेयन्स नसेल तर जुन्या सोसायटीनं मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसताना सरकारकडून कन्व्हेयन्स मिळवण्याचा) अर्ज केलाय का, ते विचारा. केला नसेल तर का नाही, याचं उत्तर कमिटीच्या चेहऱ्यावर वाचा.

जुन्या फेजमध्ये विक्रेता पुष्कळदा मूळ मालक नसतो. आई-वडील गेले, फ्लॅट मुलांच्या नावावर आला, मुलं परदेशात. अशा वेळी नुसतं ‘नॉमिनी’ असणं पुरेसं नाही. नॉमिनी हा मालक नव्हे. सगळ्या वारसांची सही, किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र, किंवा मृत्युपत्र बघा. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नेहमीचा १ टक्का टीडीएस कापून भागत नाही. बराच जास्त दर लागू होतो आणि तो कापायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. विक्रेत्याला कमी दराचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणता येतं. ते हातात येईपर्यंत आणि तुमच्या सीएनं होकार देईपर्यंत टोकनही देऊ नका. इथं चुकलं तर विक्रेता परदेशात आणि नोटीस तुमच्या दारात.

सोसायटीकडून तीन कागद मागा: तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवालात कार्बोनेशनचा आकडा शोधा. काँक्रीटच्या आत किती खोलवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं मजल मारलीय ते त्यात असतं. तो आकडा सळईवरच्या आवरणाच्या जाडीपर्यंत पोचला असेल तर सळया गंजायला लागणार, आणि मोठी दुरुस्ती पाच-सात वर्षांत दारात येणार. ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखलेला निधी, बघा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्का जमा व्हायला हवा. वीस वर्षं तो जमला असेल तर लिफ्ट आणि रंगकाम त्यातून निघतं. नसेल तर घरटी लाख-दीड लाखाची वर्गणी तुमच्या नशिबी. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, तेही मागा. न मिळालं तर बाकीच्या व्यवस्थेचा अंदाज येतो.

आता एक गोष्ट, जी दलाल सांगणार नाही. अशा वसाहतींत जेवण, नर्स, घरकाम, रुग्णवाहिका, आणीबाणीचं बटण या सेवा बहुतेक वेळा बिल्डरची संस्था किंवा त्यानं नेमलेली कंपनी देते. जोवर फ्लॅट विकायचे आहेत तोवर या सेवा स्वस्त ठेवणं बिल्डरच्या फायद्याचं असतं, कारण रविवारी येणाऱ्या ग्राहकाला डायनिंग हॉल भरलेला दिसायला हवा. शेवटच्या फेजचा शेवटचा फ्लॅट विकला गेला की हे कारण संपतं. मग मासिक शुल्क वाढतं किंवा सेवा सोसायटीच्या गळ्यात येतात. म्हणजे फ्लॅट नवा की जुना यापेक्षा, पूर्ण प्रकल्पात विकायचं किती शिल्लक आहे, हा प्रश्न विचारा. तुमच्या वसाहतीत चौथा फेज हा शेवटचा असेल तर २०२९-३० च्या सुमाराला हा बदल दोन्ही फेजना सारखाच भोगावा लागेल.

त्यामुळे सेवांचा करार स्वतंत्रपणे वाचा. तो खरेदीखताचा भाग नसतो. त्यात बघायचं असं: शुल्कवाढीला वरची मर्यादा आहे का, कंपनीला किती महिन्यांच्या नोटिशीनं सेवा थांबवता येते, ठेव परत मिळते का, कोणाला आणि किती दिवसांत, आणि माणूस अंथरुणाला खिळला तर त्याला तिथं राहता येतं का. आज महिना १८,००० शुल्क असेल आणि दर वर्षी ८ टक्के वाढ झाली तर नऊ वर्षांनी ते जवळपास ३६,००० होतं. पेन्शन या वेगानं वाढत नाही. मुलीनं टोरांटोत बसून हाच हिशोब करावा, नव्या फेजच्या क्लबहाउसची चित्रं बघण्यापेक्षा.

भोवतालच्या भागाचीही अशीच गोष्ट. पुण्याजवळ नव्यानं वसवलेल्या लवासा शहरात ज्येष्ठांसाठीची वसाहत बांधणारी कंपनी वेगळी आणि ते शहर वसवणारी कंपनी वेगळी. २०१८ मध्ये शहर वसवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा ठिकाणी तुमचा बिल्डर कितीही चोख असो, बाहेरचा रस्ता आणि दवाखाना दुसऱ्याच्या हातात असतात. मोठ्या टाउनशिपच्या पोटातल्या वसाहतीत घर घेताना हे लक्षात ठेवायचं.

नवाच घ्यायचा ठरलं, तर रेराचा नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर तोच फेज शोधा. प्रत्येक फेजची नोंदणी वेगळी असते, आणि गंमत इथंच असते. तुम्हाला दाखवलेलं नवं क्लबहाउस, फिजिओथेरपी केंद्र आणि गरम पाण्याचा तलाव हे तुमच्या फेजच्या नोंदणीत आहे की पुढच्या, अजून नोंदणीच न झालेल्या फेजच्या? पुढच्या असेल तर तुमच्या करारापुरतं ते अस्तित्वातच नाही. सोयीसुविधा आणि त्या कधी सोपवणार याची यादी करारनाम्याच्या परिशिष्टात असायला हवी. तोंडी यादीला किंमत नाही. नोंदणीत पूर्णत्वाची मूळ तारीख आणि मुदतवाढ दोन्ही दिसतात. आधीच्या फेजना किती मुदतवाढ घेतली ते बघा, तोच अंदाज या फेजला लावा.

करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. उशीर झाला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के दरानं व्याज मागता येतं. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पण पंच्याहत्तराव्या वर्षी तक्रार दाखल करून सुनावण्यांना हजर राहणं हीसुद्धा एक किंमत आहे, आणि ती कोणी आकड्यात मांडत नाही.

आकड्यांचंच म्हणाल तर उदाहरणादाखल असं मांडा. जुना फ्लॅट ७० लाख. पुण्यात ७ टक्के मुद्रांक ४.९ लाख, नोंदणी ३०,०००, हस्तांतरण २५,०००, आणि दोन बाथरूम, वायरिंग, रंग मिळून ६ लाख धरा. झाले साधारण साडेएक्याऐंशी लाख. नवा ८८ लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी ४.४ लाख, मुद्रांक ६.१६ लाख, नोंदणी ३०,०००. झाले ९८.८६ लाख, आणि सांगलीचं घर आधीच विकणार असाल तर दोन वर्षांचं भाडं सहा लाख वेगळं. फरक जवळपास २३ लाखांचा. हे २३ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेतेरा हजार येतात. दिवसपाळीच्या मदतनीस बाईच्या पगाराचा मोठा वाटा त्यातून निघतो. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतला तर मिळत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नसतो, म्हणून नव्या फेजमधलाच फ्लॅट ताबा सुरू झाल्यावर घेणं हा मधला मार्गही आहे. किंमत चढी लागेल, पण दारं मोजून घेता येतील.

जुन्याचा खरा धोका पुनर्विकासाचा. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीनं पुनर्विकास करता येतो. ज्येष्ठांच्या जुन्या वसाहतीत हळूहळू मालक हे परदेशी मुलं होतात आणि राहणारे भाडेकरू. राहत नसलेल्याला पुनर्विकास म्हणजे फायदा, राहणाऱ्याला ८३ व्या वर्षी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात. म्हणून सभासदांपैकी किती जण स्वतः राहतात, हे आजच विचारा. निम्म्याहून कमी असतील आणि सभेच्या इतिवृत्तात ‘पुनर्विकास’ हा शब्द आला असेल तर मी जुना फ्लॅट घ्या म्हणणार नाही. रिव्हर्स मॉर्टगेजचा (राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून ठरावीक रक्कम घेत राहण्याचा) विचार असेल तर घराचं शिल्लक आयुष्य किमान २० वर्षं असावं अशी अट असते, तीही लक्षात ठेवा.

राहता राहिली माणसं. जुन्या फेजचं सरासरी वय साहजिकच जास्त. ऐंशीच्या घरातले शेजारी, नोटीस बोर्डवर वर्षातून चार-पाच श्रद्धांजल्या, पत्त्यांच्या डावाला तीनच जण. नव्या फेजमध्ये साठीतले लोक येतात, ट्रेकला जातात, रोज सकाळी बॅडमिंटन. सत्तरीच्या जोडप्याला पहिलं उदास वाटू शकतं. दुसऱ्यात सहज मागे पडायला होतं. मात्र जुन्या फेजमध्ये एक असतं जे नव्याला पाच वर्षं मिळत नाही: रात्री अडीचला फोन केल्यावर येणारी माणसं कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोची चांगली बाई कुठली, औषधं घरी देणारा दुकानदार कोणता, कुठला रिक्षावाला थांबून राहतो, हे ज्ञान त्या जिन्यात साठलेलं असतं.

हे तपासायला एक साधा उपाय. संध्याकाळी साडेआठला आवारात उभे राहून दोन्ही फेजमधले पेटलेले दिवे मोजा. मग डायनिंग हॉल किती लांब आहे ते पावलांनी मोजा. जुना फेज सहसा त्याच्या शेजारी असतो, नवा टेकडीच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात, काठी घेऊन, अडीचशे मीटरची चढण चढून जेवायला जाणारा माणूस महिनाभरात डबा घरी मागवू लागतो आणि मग घरातच बसतो. आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आवारातून निघून चांदणी चौकातून तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या रुग्णालयापर्यंत गाडीनं जाऊन वेळ लावा. २०२३ मध्ये तिथला नवा पूल सुरू झाला, तरी अलीकडच्या गावातला अरुंद रस्ता अजून तोच आहे.

घेण्याआधी त्याच जुन्या फेजमध्ये सहा महिने भाड्यानं राहा. बंद फ्लॅट पुष्कळ असतात, मुलांना भाडं हवंच असतं. त्या सहा महिन्यांत एप्रिल आणि मे नक्की येऊ द्या, म्हणजे टँकरची वही उलटायची गरज पडणार नाही.